गारव्याचा राखणदार : थर्मोस्टॅट

जव्हारला ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ म्हणत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि हे बिरुद जुने झाले. पण हवा काही बदलली नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे गाव आणि त्याच्या पलीकडचा मोखाड्याचा डोंगराळ मुलूख, दोन्हीकडे हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गार असतात. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा दिलेली घरे उन्हाळ्यातही बऱ्यापैकी थंड राहतात. बहुतेक घरांचे फ्रीजवाचून काही अडत नाही. तरीसुद्धा या दोन तालुक्यांत फ्रीजची एक जात अशी आहे, की ती बिघडली तर सगळ्यांची धावपळ उडते. साकूर, जामसर, खोडाळा अशा गावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस ठेवण्याची जी शीतपेटी असते, ती ही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. आइस्क्रीमच्या दुकानातील पेटीसारखी, वरून झाकण उघडणारी. आत पोलिओचे थेंब, बी.सी.जी., गोवर-रुबेला, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात-घटसर्पाची लस अशा कुप्या जाळीच्या टोपल्यांत मांडलेल्या असतात. पेटीत एक तापमापक असतो, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याचे वाचन वहीत लिहून ठेवावे लागते. वाचन २ अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये आणि ८ अंशांच्या वर चढता कामा नये. रविवार असो की दिवाळी, हा नियम सुटत नाही.

आठाच्या वर का नाही, हे कोणीही सांगेल. पण दोनाच्या खाली का नाही? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले म्हणतात, “अधिक थंड म्हणजे अधिक सुरक्षित.” भाजी, दूध, मासे यांच्या बाबतीत आपला अनुभव तसाच असतो. लसीच्या बाबतीत मात्र तो फसवा आहे, आणि या लेखातील सारी गंमत त्या खालच्या मर्यादेतच दडलेली आहे.

लशी दोन स्वभावांच्या असतात. पोलिओचे थेंब आणि गोवराची लस यांत दुबळे केलेले, पण जिवंत विषाणू असतात. उष्णतेने ते मरतात. थंडीचे त्यांना भय नाही. पोलिओचे थेंब तर मोठ्या भांडारांत शून्याखाली २० अंशांवर, चक्क गोठवून ठेवतात. याउलट हिपॅटायटिस बी, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांच्या लशींत जिवंत असे काही नसते. त्यांत अ‍ॅल्युमिनिअमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि लसीचा कार्यकारी अंश त्या कणांना चिकटलेला असतो. ही लस गोठली, की पाण्याचे स्फटिक वाढताना हे कण एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. नंतर बर्फ वितळतो, पण गुठळ्या सुटत नाहीत. नासलेले दूध गार केले म्हणून काही पुन्हा सांधत नाही, तसेच हे. हिपॅटायटिस बी ची लस शून्याच्या खाली जेमतेम अर्धा अंश गेली तरी गोठू लागते.

यातली अडचण अशी, की उष्णतेचा मार लागलेला ओळखता येतो. कुपीवर एक गोल आणि त्यात फिक्या रंगाचा लहानसा चौकोन छापलेला असतो. जसजशी उष्णता लागते तसतसा चौकोन काळवंडत जातो; त्याचा रंग भोवतालच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी फेकून द्यायची. थंडीची नोंद मात्र हा चौकोन ठेवत नाही. एकदा गोठून पुन्हा वितळलेली कुपी वरवर पाहता चांगल्या कुपीसारखीच दिसते. ती हलवून टेबलावर ठेवली आणि तळाशी गाळ किती भराभर बसतो ते दुसऱ्या, मुद्दाम गोठवलेल्या कुपीशी ताडून पाहिले, तर काय ते कळते. पण संशय आला तरच कोणी हे करणार! एरवी पाड्यावरच्या बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर खूण होते, बाळ दोन दिवस किरकिर करते, आणि संरक्षण मात्र त्याला पुरते मिळत नाही.

या भागात ही बाब किती गंभीर आहे ते मोठ्यांना ठाऊक आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. अंगात शक्ती नसलेल्या मुलाला गोवर झाला, तर तो धट्ट्याकट्ट्या मुलापेक्षा त्याला फार जड जातो. अशा ठिकाणी टोचलेली लस खरोखर लागू पडणारी असली पाहिजे. म्हणजे उष्णतेला भिणाऱ्या आणि थंडीला भिणाऱ्या, दोन्ही स्वभावांच्या कुप्या एकाच पेटीत सांभाळायच्या, आणि त्यासाठी जागा काय ती २ ते ८ अंशांमधली!

आता पेटीत रात्रभर बसून तापमान पाहणारा तेथे कोण आहे? माणूस नाही. हे काम एक छोटीशी डबी करते. तिचे नाव थर्मोस्टॅट. मराठीत तिला तापमान-नियंत्रक म्हणता येईल. पण दुरुस्ती करणाऱ्या कारागिरापासून सगळे ‘थर्मोस्टॅट’च म्हणतात, तेव्हा आपणही तेच नाव घेऊ.

थर्मोस्टॅट स्वतः थंडी निर्माण करीत नाही, हे आधी लक्षात घ्या. थंडी करण्याचे काम कॉम्प्रेसरचे. तो एका विशिष्ट वायूला दाबतो. दाबलेला वायू पेटीबाहेरच्या नळ्यांत आपली उष्णता टाकून द्रव होतो. हा द्रव पेटीच्या भिंतीतील नळ्यांत शिरून तेथे बाष्परूप होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतून शोषून घेतो. कॉम्प्रेसरला एवढेच कळते : वीज मिळाली की चालायचे, तुटली की थांबायचे. त्याला सतत चालू ठेवले तर पेटीचा बर्फखाना होईल. म्हणून वीज केव्हा द्यायची आणि केव्हा तोडायची हे ठरवणारा कोणी तरी हवा.

जुन्या पद्धतीच्या थर्मोस्टॅटची रचना मोठी सुबक आहे. तांब्याची केसासारखी बारीक पोकळ नळी असते. तिचे एक टोक पेटीच्या आतल्या गार भिंतीला टेकवलेले. दुसरे टोक एका सुरकुत्यांच्या धातूच्या डबीला जोडलेले. ही डबी हार्मोनियमच्या भात्याची लहान बहीणच समजा. नळीत आणि डबीत चटकन बाष्प होणारा पदार्थ कोंडलेला असतो. भिंतीचे तापमान वाढले की आतला दाब वाढतो, भाता फुगतो, एका तरफेला ढकलतो, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन विजेचे टोक जुळते. कॉम्प्रेसर घुरघुरू लागतो. भिंत गार झाली की दाब उतरतो, भाता आकसतो, पुन्हा ‘टक्’, आणि वीज तुटते. भात्याच्या विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग त्याला दाबून धरते. आपण बटण फिरवतो तेव्हा या स्प्रिंगचा ताण कमीजास्त करतो, एवढेच. म्हणून बटणावरचे १, २, ३, ४ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. तीन आकडा लावला म्हणजे आत तीन अंश झाले, असे समजणारी मंडळी शहरातही भेटतात.

इस्त्रीत हेच काम द्विधातु पट्टी करते. पितळ आणि लोखंड अशा दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींवर घट्ट जोडलेल्या असतात. तापल्यावर पितळ अधिक पसरते, लोखंड कमी. मग जोडपट्टी वाकते आणि विजेचे टोक सुटते. तुम्ही आठवी-नववीत हे शिकला असाल. युक्ती वेगळी, तत्त्व तेच : परिणाम काय झाला ते पाहायचे आणि त्यावरून कारणाला आवरायचे. अभियंते याला ‘फीडबॅक’ म्हणतात. चुलीवर दूध ठेवलेली आजी ते वर येताना पाहून लाकूड मागे ओढते, तेव्हा आजीही फीडबॅकच वापरत असते. तिचे लक्ष क्षणभर उडाले की काय होते तेही तुम्हाला माहीत आहे.

आता एक प्रश्न. पेटीत ५ अंश हवे असतील, तर ५ च्या जरा वर गेले की चालू आणि जरा खाली आले की बंद, असे का करू नये? करता येईल, पण मग कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होत राहील. मोटार सुरू होताना एरवीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि असे वारंवार झाले तर ती जळून जाईल. म्हणून चालू होण्याचे तापमान आणि बंद होण्याचे तापमान यांत मुद्दाम अंतर ठेवतात. समजा, ६ अंशांना चालू, ४ अंशांना बंद. मध्ये थर्मोस्टॅट ‘जे चालले आहे ते चालू द्या’ म्हणतो. त्यामुळे आतले तापमान स्थिर नसते. ते करवतीच्या दात्यांसारखे वर-खाली होत राहते. शिवाय वीज तुटली तरी गार झालेल्या भिंती आणखी काही वेळ उष्णता शोषतातच. तापमान ठरवल्यापेक्षा थोडे अधिक खाली उतरते, आणि चढतानाही थोडे अधिक चढते. दोन ते आठ ही जागा आता तुम्हाला आधीपेक्षा अरुंद वाटू लागली असेल.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅटला साऱ्या पेटीचे तापमान मुळी कळतच नाही. त्याच्या नळीचे टोक जेथे टेकले आहे, तेथले तेवढे त्याला कळते. टोक भिंतीपाशी, लस टोपलीत. भिंत आणि टोपली यांच्या तापमानात किती फरक पडेल हे बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. मे महिन्यात बाहेरून उष्णता जोराने आत झिरपते, तेव्हा भिंत तेवढीच गार असूनही टोपली बरीच उबदार राहते. डिसेंबरात झिरपणारी उष्णता कमी होते आणि टोपलीचे तापमान भिंतीच्या जवळ सरकते. म्हणजे उन्हाळ्यात नीट बसवलेले बटण हिवाळ्यात, कोणी हात न लावता, लसीला गोठणबिंदूकडे नेऊ शकते. डोंगरातल्या गार हवेमुळे आपले काम सोपे होते असे कोणाला वाटेल. हिवाळ्याच्या रात्री ते उलट नाजूक होते. म्हणून वहीतले वाचन टोपलीजवळच्या तापमापकाचे हवे. बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवून चालत नाही. गार हवा जड असल्याने खाली बसते, तेव्हा तळ सर्वांत गार. म्हणून गोवर-पोलिओच्या कुप्या तळाकडे आणि गोठण्याला भिणाऱ्या कुप्या वरच्या टोपलीत ठेवतात. पेटीचे झाकण वरच्या बाजूला असते तेही याचसाठी. उभ्या फ्रीजचे दार उघडले की गार हवा पायांवर सांडते. आडव्या पेटीतली हवा विहिरीतल्या पाण्यासारखी जागच्या जागी राहते.

घरातल्या एअरकंडिशनरच्या बाबतीतला एक गैरसमज येथेच उरकून टाकू. मुंबईला पाहुणे म्हणून गेलात की घामाघूम झालेले काका रिमोटवर १८ आकडा लावताना दिसतील. म्हणे खोली लवकर गार होते. साध्या, एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रात तसे काही होत नाही. १८ लावा की २४, कॉम्प्रेसर सुरुवातीला तेवढ्याच जोराने चालतो. फरक फक्त तो कोठे थांबायचा एवढाच. खोली २४ ला येईपर्यंत दोन्हींना वेळ सारखाच लागतो, पुढची वीज मात्र फुकट जाते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकन असलेल्या नव्या एअरकंडिशनरांना कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून पाठवण्याचा नियम झाला, तो याच कारणाने.

इथवर वीज आहे असे आपण धरून चाललो. पण जव्हार-मोखाड्यात पावसाळा म्हणजे काय असतो हे तेथल्या मुलांना मी सांगायला नको. धो धो पाऊस, तारांवर पडलेली झाडे, घाटात खचलेला रस्ता. वीज गेली की थर्मोस्टॅट कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती काही उरत नाही. तेव्हा राखण कोण करते?

बर्फ करतो. या पेटीच्या आतल्या भिंतीलगत पाण्याने भरलेल्या नळ्यांचे किंवा पिशव्यांचे एक अस्तर असते. वीज असताना कॉम्प्रेसर त्या पाण्याचा बर्फ करून ठेवतो. वीज गेली की तोच बर्फ हळूहळू वितळत बाहेरून येणारी उष्णता गिळतो. आरोग्य केंद्रातील कर्मचारी या पेटीला ‘आयएलआर’ म्हणतात. त्या नावाचा अर्थ ‘बर्फाचे अस्तर असलेली शीतपेटी’ असाच आहे.

किती वेळ पुरेल? हिशेब करून पाहू. समजा, पेटीत बाहेरून ३० वॅट, म्हणजे सेकंदाला ३० ज्यूल उष्णता झिरपते. आतल्या १०० लिटर हवेचे वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम. ती २ पासून ८ अंशांपर्यंत तापायला सुमारे ७५० ज्यूल लागतात; म्हणजे नुसत्या हवेच्या भरवशावर राहिलो तर अर्ध्या मिनिटात खेळ खलास. आता हवेऐवजी १० किलो पाणी आहे असे धरा. तेवढ्याच सहा अंशांसाठी त्याला २,५२,००० ज्यूल लागतील, म्हणजे सुमारे २ तास २० मिनिटे. आणि त्याच १० किलोचा बर्फ असेल तर? एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी, म्हणजे सुमारे ३३४ ज्यूल लागतात. दहा किलोला ३३,४०,००० ज्यूल. भागाकार करा : सुमारे ३१ तास! आणि या साऱ्या काळात बर्फाचे तापमान शून्यावरून हलत नाही. पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ असा रूक्ष शब्द पाठ करताना कंटाळा येतो खरा. पण चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी ही पेटी लस सांभाळते, ती त्या अप्रकट उष्म्याच्या जिवावर. घरगुती फ्रीजला असे अस्तर नसते. तो वीज गेल्यावर काही तासच तग धरतो, म्हणून लसीसाठी त्याचा भरवसा धरत नाहीत.

वितळणारा बर्फ म्हणजे तारा नसलेला, बटण नसलेला थर्मोस्टॅटच म्हणा ना. आरोग्यसेविका पाड्यावर जाताना खांद्याला जी निळी किंवा लाल पेटी लावून नेतात, तिच्यात चार बर्फाच्या चपट्या बाटल्यांमध्ये लस असते. यंत्र काहीही नसते. पण त्या बाटल्या डीप फ्रीझरमधून काढून लगेच पेटीत घालायच्या नाहीत, असा नियम आहे. त्या आधी बाहेर ठेवायच्या, अधूनमधून कानाशी धरून हलवायच्या, आणि आत खळखळ ऐकू आली की मगच भरायच्या. हे कशासाठी? फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या खाली दहा-वीस अंशांवर असतो. तो थेट लसीला लागला तर लस गोठणार. खळखळ ऐकू आली याचा अर्थ बाटलीत थोडे पाणी झाले. आणि बर्फ व पाणी एकत्र नांदत आहेत तोवर तापमान शून्यच असणार. तापमापक न वापरता, नुसत्या कानाने शून्य अंश ओळखण्याची ही पद्धत मला प्रयोगशाळेतल्या अनेक महागड्या उपकरणांपेक्षा अधिक आवडते.

थर्मोस्टॅटची कल्पना तशी जुनी. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच संशोधकाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी स्वतःच आच सांभाळणारी भट्टी केली होती. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव आले १८३० साली, अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने द्विधातु पट्टीच्या नियंत्रकाचे पेटंट घेतले तेव्हा. पण आपल्या विषयाला जवळची गोष्ट आहे ती वॉरन जॉन्सन या शिक्षकाची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात ते शिकवीत. तेथला हिवाळा बर्फाचा. तळघरात भट्टी, वर वर्ग; आणि कोणता वर्ग फार तापला, कोणता गारठला हे पाहायला शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात शिरे आणि मग खाली जाऊन झडपा फिरवी. शिकवण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी प्रत्येक वर्गात असे थर्मोस्टॅट बसवण्याची युक्ती काढली, की तापमान बदलले की तळघरात घंटी वाजावी. १८८३ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे त्यांनी शिपायाऐवजी दाबलेल्या हवेने झडपा आपोआप हलवण्याची सोय केली आणि १८८५ मध्ये त्यासाठी कंपनी काढली.

एका इमारतीतील अनेक खोल्यांची खबर एका जागी आणायची, ही कल्पना तेथून वाढत गेली. मुंबईतील मोठी रुग्णालये, हॉटेले आणि कचेऱ्यांचे मनोरे यांत आता खोलीखोलीत वेगळे यंत्र नसते. एका ठिकाणी पाणी सहा-सात अंशांपर्यंत गार करतात आणि ते नळांतून मजल्यामजल्यावर फिरवतात. प्रत्येक दालनात तापमान मोजणारा एक संवेदक असतो. तो मध्यवर्ती संगणकाला आकडा कळवतो, संगणक त्या दालनाची झडप किती उघडायची ते सांगतो. नुसते चालू-बंद नव्हे, ‘थोडी उघड, आणखी थोडी’ असे. सभागृह रिकामे असेल तर तेथली थंडी आवरती घेतो, सकाळी लोक येण्याच्या आधी पुन्हा सुरू करतो. असे हजारो आकडे एका पडद्यावर दिसत असतात.

जव्हार-मोखाड्यातील लसपेट्यांची इमारत एक नाही. त्या डोंगरापलीकडे डोंगर अशा विखुरलेल्या आहेत. तरीही जॉन्सनची घंटी तेथवर पोचली आहे. २०१५ साली भारतात काही राज्यांपासून ‘ई-विन’ नावाची व्यवस्था सुरू झाली आणि नंतर ती देशभर पसरली. पेटीत एक संवेदक सोडलेला असतो. बाहेरच्या लहान यंत्रात मोबाइलसारखे सिमकार्ड असते. ते तापमानाच्या नोंदी दूरच्या संगणकाकडे पाठवते. तापमान मर्यादा ओलांडून काही काळ तसेच राहिले, तर संबंधित कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश येतो. तळघरातल्या घंटीचे हे आजचे रूप. २०२१ साली कोव्हिडच्या लसीकरणात हीच व्यवस्था कामी आली. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन या दोन्ही २ ते ८ अंशांवर टिकणाऱ्या होत्या, म्हणून त्या आधीपासून असलेल्या पेट्यांत सहज मावल्या. शून्याखाली ७० अंशांची मागणी करणारी परदेशी लस असती, तर डोंगरातल्या आरोग्य केंद्रांनी ती ठेवली असती कोठे?

मनोऱ्यातील संगणक आणि ई-विन यांत एक महत्त्वाचा फरक आहे, तो नीट पाहा. मनोऱ्यातला संगणक झडप स्वतः हलवतो. तो नियंत्रण करतो. ई-विन फक्त खबर देते. कॉम्प्रेसर चालू-बंद करण्याचे काम अजूनही पेटीतला थर्मोस्टॅटच करतो, आणि माझ्या मते हे योग्यच आहे. घाटात मोबाइलला रेंज नसली, पावसात मनोरा बंद पडला, तरी थर्मोस्टॅटला त्याची गरज नसते. त्याला लागते ते सारे त्याच्या नळीच्या टोकाशी आहे. पण खबर मिळाल्यावर करायचे काय, तर कोणी तरी उठून जायचे, वीज आहे का ते पाहायचे, झाकण नीट बसवायचे, आणि पेटीच बिघडली असेल तर लस गोठणार नाही अशा बेताने बर्फाच्या बाटल्यांत घालून दुसऱ्या केंद्रात पोचवायची. रात्री दोन वाजता, भर पावसात ही कामे कोणताही संगणक करीत नाही.

मोजणारे टोक योग्य जागी असण्याला किती किंमत आहे याचे आणखी एक उदाहरण देतो. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला रुग्णालयात वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवतात. बाळाच्या पोटावर एक बारीक संवेदक चिकटवलेला असतो. त्वचेचे तापमान साडेछत्तीस अंशांच्या आसपास राहील अशा बेताने यंत्र आच कमीजास्त करते. बाळ किती लहान, किती अशक्त, हे यंत्राला ठाऊक नसते; पोटावरच्या टोकाने सांगितले तेवढेच खरे. समजा, चिकटपट्टी सुटली आणि टोक गादीवर पडले. यंत्राला आता बाळाऐवजी खोलीतली गार हवा दिसते. ते समजते, बाळ गारठले! आणि पूर्ण जोराने तापू लागते. यंत्रात काहीच बिघाड नाही, फीडबॅकही चोख चालू आहे, आणि तरी बाळाला धोका. म्हणूनच परिचारिका दर फेरीला आधी त्या टोकावर बोट ठेवून पाहते.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. यासाठी फ्रीज लागत नाही. बाजारातून थोडा बर्फ आणि शाळेतला तापमापक एवढे पुरे. ताप पाहण्याचा तापमापक चालणार नाही, त्याची पट्टी मुळी ३५ अंशांपासून सुरू होते. सारख्या आकाराचे दोन स्टीलचे पेले घ्या. एकात २०० ग्रॅम बर्फाचे तुकडे घाला. ते आधी कापडाने टिपून घ्या, नाहीतर तुम्ही पाणीच बर्फ म्हणून तोलाल. दुसऱ्यात बर्फात ठेवून शक्य तितके गार केलेले २०० ग्रॅम पाणी गाळून घाला. दोन्ही पेले सारख्याच जाडीच्या गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत शेजारी शेजारी ठेवा. दर दहा मिनिटांनी ढवळून दोन्हींचे तापमान लिहा आणि आलेखावर मांडा.

पाण्याची रेषा लगेच चढू लागेल. पहिल्या दहा मिनिटांत ती किती अंश चढली ते पाहून त्याला २०० ने गुणा, म्हणजे दहा मिनिटांत किती कॅलरी आत आल्या ते कळेल. बर्फाला वितळायला २०० गुणिले ८०, म्हणजे १६,००० कॅलरी हव्यात. यावरून शेजारच्या पेल्यातला बर्फ केव्हा संपेल ते आधीच वहीत लिहून ठेवा, आणि मग घड्याळ पाहत बसा. अंदाज आणि घड्याळ यांत फरक पडेल. तो किती पडला, बर्फ आधी संपला की नंतर, आणि गोणपाटाची घडी दुप्पट केल्यावर त्यात काय बदल झाला, हे आलेखाशेजारीच लिहा.